जीर्ण मोटारीचा कायाकल्प

जीर्णोद्धार म्हणजे मोडलेलें पूर्ववत् करणें, असा आपला सामान्य समज असतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांतल्या तरुणांनीं मात्र जुन्या मोटारींच्या बाबतींत निराळाच मार्ग धरला. मोडकी गाडी स्वस्तांत घ्यावयाची, तिचें अनावश्यक ओझें उतरावयाचें, एंजिन जोरकस करावयाचें आणि तिला वेगाची दीक्षा द्यावयाची. अशा गाडीस तिकडे 'हॉट रॉड' म्हणतात.

लॉस एंजेलिसच्या उत्तरेस म्युरॉक येथें कोरड्या पडलेल्या तळ्याचें विस्तीर्ण, सपाट मैदान आहे. तेथें हे तरुण आपापल्या गाड्यांचा वेग अजमावीत. १९३७ सालीं त्यांच्या मंडळांनीं एकत्र येऊन वेगमापनासाठीं संघटनाही स्थापिली. फोर्डची १९३२ सालची गाडी त्यांची विशेष आवडती. आठ सिलिंडरांचें एंजिन तोंवर बहुधा महाग गाड्यांतच असे. फोर्डनें तें एकाच ओतीव ठोकळ्यांत करून सामान्यांच्या आवांक्यांत आणिलें. त्याची शक्ति ६५ अश्वबळांची होती.

या कायाकल्पास क्रम आहे. जेथें पाणी व चिखल सांचतो ते तळाचे पत्रे आधीं कुजतात. म्हणून प्रथम गंज खरवडून सांगाडा तपासावा लागतो. त्याच्या पन्हळीसारख्या तुळयांची उघडी बाजू पत्रा जोडून बंद केली, म्हणजे त्या जोरकस एंजिनाचा पीळ सोसतात. मडगार्ड काढून भार हलका करितात. खांब कापून छप्पर खालीं आणितात. तथापि सर्वांत महत्त्वाचा ब्रेक. १९३२ च्या फोर्डचे ब्रेक सळयांनीं ओढले जात. त्यांच्या जागीं पुढें १९३९ पासून फोर्डनें वापरलेले तेलाच्या दाबाचे ब्रेक बसविण्याची चाल पडली. वेग वाढविणाऱ्यानें तो आवरण्याची सोय आधीं करावी, हें यांतलें शहाणपण होय.

परंतु एकदां कापलेलें छप्पर मूळ रूपास आणणें फार दुर्घट. म्हणून जी गाडी केवळ कुजलें कवच उरली, तिलाच हा नवा जन्म शोभतो, असें आम्हांस वाटतें. आपल्याकडे १९८८ च्या कायद्यानें कारखानदारानें ठरविलेली रचना मनास येईल तशी बदलतां येत नाहीं. आणि २०२१ च्या नियमांप्रमाणें प्राचीन मोटार म्हणून नोंद हवी, तर पन्नास वर्षांहून अधिक वयाबरोबर मूळ रूपही टिकलेलें असावें लागतें. ज्या घरीं आजोबांची मोटार गंजत पडली असेल, त्यांनीं करवत हातीं घेण्यापूर्वीं तिचें काय काय शाबूत आहे, हें जाणत्याकडून पाहून घ्यावें. सांगाडा व अंग धड असेल, तर तिचें जतन करणें हेंच उचित.