एकशे एकोणतीस डॉलरपासून शून्यापर्यंत

१७ जुलै २००२ रोजी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड प्रदर्शनात स्टीव्ह जॉब्स यांनी दोन किमती जाहीर केल्या आणि दोन्हींमुळे ॲपलचे जुने, निष्ठावान ग्राहक दुखावले. तोवर फुकट मिळणाऱ्या ई-मेल आणि इतर इंटरनेट सेवांसाठी यापुढे वर्षाला ९९ डॉलर पडणार होते. मॅक ओएस टेनची ‘जॅग्वार’ ही १०.२ क्रमांकाची नवी आवृत्ती १२९ डॉलरला मिळणार होती, आणि तीही सर्वांना एकाच दराने. आदल्या वर्षी पहिल्या आवृत्तीसाठी तेवढेच पैसे मोजलेल्यांना एका डॉलरचीही सूट नव्हती.

राग यायला कारण होते. मार्च २००१ मध्ये आलेली १०.० ही आवृत्ती कमालीची संथ होती, तिच्यावर डीव्हीडीसुद्धा चालत नव्हती. सप्टेंबरमधली १०.१ ॲपलने फुकट वाटली, म्हणजे अर्धवट राहिलेले काम कंपनीने स्वतःच्या खर्चाने पूर्ण केले. त्यानंतर वर्ष उलटायच्या आत पुन्हा पूर्ण किंमत! ज्यांनी कच्च्या मालावर विश्वास टाकला, त्यांनाच दुसऱ्यांदा बिल आले.

पुढची पाच वर्षे हाच दर टिकला. २००३ मध्ये पँथर, २००५ मध्ये टायगर, २००७ मध्ये लेपर्ड, प्रत्येकाचे १२९ डॉलर. पहिल्या आवृत्तीपासून लेपर्डपर्यंत प्रत्येक खोके विकत घेणाऱ्याने साडेसहा वर्षांत ६४५ डॉलर भरले, आणि हे मॅकच्या किमतीखेरीज. या पैशांत काहीच मिळाले नाही असे म्हणता येणार नाही. टायगरमधला ‘स्पॉटलाइट’ क्षणात फाइल शोधून देई, तर लेपर्डमधल्या ‘टाइम मशीन’मुळे साध्या घरगुती वापरकर्त्यालाही बॅकअप घेण्याची सवय लागली. लोकांनाही ते आवडले. लेपर्डच्या वीस लाखांहून अधिक प्रती पहिल्याच शनिवार-रविवारपर्यंत विकल्या गेल्या.

त्या काळी ॲपलचे समर्थक विंडोजच्या दरांकडे बोट दाखवत. जानेवारी २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टाच्या ‘अल्टिमेट’ आवृत्तीची पूर्ण किंमत ३९९ डॉलर होती आणि निव्वळ अपग्रेडला २५९ डॉलर पडत. त्यापुढे १२९ स्वस्तच वाटणार. पण ही तुलना पहिल्याच पायरीवर घसरते. मायक्रोसॉफ्टचा मुख्य धंदा सॉफ्टवेअर विकण्याचा. यंत्र बनवणारी कंपनी वेगळी असते, ती मायक्रोसॉफ्टला परवान्याचे पैसे देते आणि तेवढी रक्कम यंत्राच्या किमतीत मिळवते. ॲपल मात्र यंत्रही स्वतःच बनवते आणि ऑपरेटिंग सिस्टीमही. तिचे खोके ज्याच्या घरी आधीपासून मॅक आहे, त्याच्याच उपयोगाचे असते. म्हणजे त्या खोक्यावरची किंमत पूर्ण प्रणालीची कधीच नव्हती. ती नेहमीच अपग्रेडची किंमत होती.

हे न्यायालयातही स्पष्ट झाले. फ्लोरिडातल्या सायस्टार या छोट्या कंपनीने लेपर्ड साध्या पीसीवर चढवून ते पीसी विकायला सुरुवात केली. जुलै २००८ मध्ये ॲपलने खटला भरला आणि नोव्हेंबर २००९ मध्ये न्यायाधीश विल्यम ऑल्सप यांनी ॲपलच्या बाजूने निकाल दिला. परवान्यानुसार ही प्रणाली ॲपलच्याच यंत्रावर चालवता येते, यावर शिक्कामोर्तब झाले. कायद्याच्या दृष्टीने निकाल ठीक आहे. पण यंत्र आणि प्रणाली यांची ताटातूट करायची नाही असे कंपनीच म्हणत असेल, तर त्या प्रणालीच्या दुरुस्तीचे पैसे यंत्राच्या किमतीत आलेच पाहिजेत. कंपनीला दोन्ही डगरींवर हात ठेवता येणार नाही.

खरे तर सॉफ्टवेअर ही वेगळ्या किमतीची वस्तू आहे, ही कल्पनाच तशी अलीकडची. १९६० च्या दशकात आयबीएमचा संगणक घेतला की प्रोग्राम, प्रशिक्षण, तंत्रज्ञांची मदत हे सारे त्याच दरात मिळत असे. मक्तेदारीविरोधी कारवाईची टांगती तलवार डोक्यावर असताना जून १९६९ मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरचे दर वेगळे करण्याचे जाहीर केले. त्या वेळीही यंत्र चालवायला लागणारी मूळ प्रणाली मात्र शुल्काविनाच ठेवली. तिच्यावाचून यंत्र निरुपयोगी, हे आयबीएमला पक्के ठाऊक होते.

ॲपलचा दर कोसळला तो ऑगस्ट २००९ मध्ये. ‘स्नो लेपर्ड’ची किंमत २९ डॉलर ठरली. दिखाऊ नवलाई बाजूला ठेवून आतली घडी नीट बसवणे, हा त्या आवृत्तीचा उद्देश कंपनीने उघडपणे सांगितला होता. जुन्या वापरकर्त्यांना विचारले, तर आजही अनेक जण तिला सर्वोत्तम मॅक आवृत्ती म्हणतील. २०११ मधली ‘लायन’ इंटरनेटवरून २९.९९ डॉलरला आणि २०१२ मधली ‘माउंटन लायन’ १९.९९ डॉलरला मिळाली. २२ ऑक्टोबर २०१३ रोजी ॲपलचे सॉफ्टवेअरप्रमुख क्रेग फेडेरिगी यांनी ‘मॅव्हरिक्स’ची किंमत पडद्यावर दाखवली ती शून्य. २००७ च्या मध्याला घेतलेल्या आयमॅकवरही ती चढत होती.

हे औदार्य होते का? आयफोनच्या कमाईपुढे १२९ डॉलरच्या खोक्यांची कमाई किरकोळ ठरली होती, हे एक कारण. दुसरे कारण सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या सोयीचे. सगळे ग्राहक एकाच आवृत्तीवर असले की नवे ॲप लवकर तयार होते, चाचण्या कमी लागतात आणि सुरक्षेतली भोके एकदाच बुजवावी लागतात. पण ‘फुकट’ म्हणजे काय, याचा खरा उलगडा ॲपलच्या हिशेबाच्या वह्यांत होतो. ती हकिकत सविस्तर सांगण्याजोगी आहे.

जानेवारी २००८ मध्ये आयपॉड टचसाठी मेल, नकाशे, हवामान, शेअर बाजार आणि टिपणे अशी पाच ॲप आली. त्यांच्यासाठी आयपॉडवाल्यांना १९.९९ डॉलर द्यावे लागले. आयफोनवाल्यांना नवी आवृत्ती फुकट मिळत होती. त्याच वर्षी उन्हाळ्यात आलेल्या या सॉफ्टवेअरच्या दुसऱ्या आवृत्तीला आणि २००९ मधल्या तिसऱ्या आवृत्तीलाही आयपॉड टचवर ९.९५ डॉलर पडले. यंत्रे एकाच कुळातली, सॉफ्टवेअर तेच, मग हा दुजाभाव का? ग्राहकांना तो निव्वळ लोभ वाटला. कारण मात्र जमाखर्चाच्या नियमांत होते.

विकलेल्या वस्तूत पुढे नवी वैशिष्ट्ये फुकट देण्याचे कंपनीने आश्वासन दिले असेल, तर त्या वस्तूची सगळी किंमत विक्रीच्या दिवशीच उत्पन्नात धरता येत नाही, असा तेव्हाच्या अमेरिकी नियमांचा अर्थ ॲपलच्या हिशेबनिसांनी लावला होता. आयफोनचे उत्पन्न कंपनी २४ महिन्यांवर विभागून दाखवत असे, त्यामुळे त्यावर फुकट अपग्रेड देण्याची मोकळीक होती. आयपॉड टचची किंमत मात्र पहिल्याच दिवशी जमा धरलेली, म्हणून त्यावर नवे काही द्यायचे तर वेगळा दर लावणे भाग. २००७ च्या सुरुवातीला याच कारणाने एक विचित्र प्रसंग ओढवला. काही मॅकमध्ये वेगवान वाय-फायची चिप आधीच बसवलेली होती. ती जागी करणाऱ्या छोट्याशा सॉफ्टवेअरसाठी ॲपलने १.९९ डॉलर आकारले.

२००९ मध्ये अमेरिकेच्या लेखा मानक मंडळाने नियम बदलले आणि २०१० मध्ये चौथी आवृत्ती, आयओएस ४, आयपॉड टचवर फुकट आली. नव्या पद्धतीने हिशेब मांडताना ॲपलने तोवर विकलेल्या प्रत्येक आयफोनच्या किमतीतले २५ डॉलर ‘पुढे मिळणाऱ्या सॉफ्टवेअर अपग्रेडचा हक्क’ म्हणून वेगळे काढून ठेवले. ते पुढच्या काळात हळूहळू उत्पन्नात धरले जाणार होते.

या २५ डॉलरमध्ये साऱ्या प्रश्नाचे मर्म आहे. अपग्रेड फुकट नसते. ग्राहकाने त्याचे पैसे खरेदीच्या दिवशीच भरलेले असतात आणि कंपनीच्या वहीत त्याची नोंदही असते. यात गैर काही नाही, उलट हाच सर्वांत सरळ मार्ग आहे. फक्त आगाऊ पैसे घेतले, तर सेवा किती वर्षे मिळणार हेही आगाऊ सांगायला हवे. विम्याचा हप्ता घेऊन मुदत न सांगणाऱ्या कंपनीला कोणी दारात उभे करणार नाही.

मायक्रोसॉफ्टची वाटचाल वळणे घेत त्याच दिशेने झाली. ऑक्टोबर २०१२ मध्ये विंडोज ८ आले, तेव्हा जुन्या पीसीवर ते उतरवून घेण्यासाठी भारतात १,९९९ रुपये पडत होते आणि नुकताच विंडोज ७ चा पीसी घेतलेल्यांना ६९९ रुपये. जानेवारी २०१३ अखेर ही सवलत संपली आणि अमेरिकेत ३९.९९ डॉलरचे प्रो अपग्रेड थेट १९९.९९ डॉलरवर गेले. जुलै २०१५ मधले विंडोज १० मात्र जुन्या ग्राहकांना वर्षभर मोफत दिले गेले. लोक जुन्या विंडोज एक्सपीला किती वर्षे चिकटून राहिले, हे कंपनीने पाहिले होते. एप्रिल २०१४ मध्ये एक्सपीचा आधार संपला, तरी ते जगभर चालूच राहिले. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने धुमाकूळ घातला, तेव्हा मायक्रोसॉफ्टला त्या निवृत्त एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती फुकट द्यावी लागली. एकाने अपग्रेड टाळले की धोका शेजाऱ्यालाही पोचतो, याचा तो ढळढळीत पुरावा होता.

पैसे मोजावेत अशी अपग्रेडही असतात. मराठी माणसाने ते स्वतः अनुभवले आहे. विंडोज ९८ च्या काळात मराठी टंकलेखन म्हणजे पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची प्रणाली, आणि प्रत्येकाचा फाँट वेगळा. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अगम्य चिन्हे दिसत. विंडोज २००० मध्ये युनिकोड देवनागरी आणि ‘मंगल’ फाँट आला. एक्सपीमध्ये तर मूळ सीडी घालून ती सोय वेगळी बसवून घ्यावी लागे, तरी लोकांनी ते केले, कारण त्यामुळे ई-मेल, शोध आणि संकेतस्थळे मराठीत वापरता आली. असे काही खरोखर नवे मिळत असेल, तर त्यासाठी वाजवी दर मागण्यात अन्याय नाही. स्नो लेपर्डचे २९ डॉलर आणि विंडोज ८ चे १,९९९ रुपये हे दर पुढेही राहिले असते, तर लोकांनी ते कुरकुर न करता दिले असते आणि कंपनीचेही काही बिघडले नसते.

आता प्रश्नाने रूप बदलले आहे. ऑक्टोबर २०२१ मधले विंडोज ११ जुन्या परवान्यावर मोफत आहे, पण त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. ज्यांच्या संगणकात हे नाही, त्यांच्यासाठी अपग्रेडची किंमत म्हणजे नवा संगणक. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. या बदलापायी २४ कोटी पीसी कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या संशोधन संस्थेने डिसेंबर २०२३ मध्येच वर्तवला होता.

एक वर्षाच्या वाढीव सुरक्षा अपडेटसाठी मायक्रोसॉफ्टने घरगुती ग्राहकांना ३० डॉलरचा दर लावला. आपल्या खात्यात साइन-इन करून सेटिंगचा बॅकअप कंपनीच्या सर्व्हरवर ठेवणाऱ्यांना ते माफ. युरोपातल्या ग्राहक संघटनांनी आवाज उठवल्यावर तिथे बॅकअपची अटही सुटली. कंपन्यांना पहिल्या वर्षी प्रत्येक यंत्रामागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, तर शाळांना पहिल्या वर्षी अवघा १ डॉलर. दुरुस्ती तीच, ती लिहिणारे अभियंतेही तेच. एका डॉलरपासून ६१ डॉलरपर्यंत जाणारा हा दर खर्चावरून ठरलेला नाही. ज्याला टाळता येत नाही, त्याच्याकडून तो घेतला जातो.

म्हणून इथे निवाडा सरळ आहे. नव्या सोयींसाठी माफक किंमत घ्यावी, हवी तर न घ्यावी, तो कंपनीच्या धंद्याचा प्रश्न. सुरक्षेच्या दुरुस्तीला मात्र किंमत लावू नये, कारण ते विकलेल्या मालातले व्यंग दूर करणे आहे. ही जबाबदारी किती वर्षे घेतली, तेही विकतानाच जाहीर करावे. फोनच्या बाबतीत हे घडू लागले आहे. गूगलने ऑक्टोबर २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने जानेवारी २०२४ मध्ये गॅलेक्सी एस २४ साठी सात वर्षांच्या अपडेटचे वचन दिले. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून फोन आणि टॅब्लेटला, त्या मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही पाच वर्षे अपडेट देणे बंधनकारक झाले आहे. लॅपटॉप त्या नियमात नाहीत.

आपल्याकडे लॅपटॉपच्या खोक्यावर कमाल किरकोळ किंमत, आयातदाराचे नाव आणि निर्मितीचा महिना छापावा लागतो. त्याच जागी ‘सुरक्षा अपडेट अमुक तारखेपर्यंत’ ही एक ओळ सक्तीची करायला सरकारला फारसे कष्ट पडणार नाहीत. ती होईपर्यंत हे काम ग्राहकानेच करावे. नवा असो की जुना, लॅपटॉप घेताना दुकानदाराला रॅम आणि हार्ड डिस्क विचारतो तशी ही तारीखही विचारावी आणि बिलावर लिहून घ्यावी. ज्यांच्या घरी अजून विंडोज १० आहे, त्यांनी घरगुती वाढीव अपडेटची मुदत ध्यानात ठेवावी: १३ ऑक्टोबर २०२६.