टूडी इको रिपोर्टमधला 'ईएफ ६० टक्के'

टूडी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'ईएफ (इजेक्शन फ्रॅक्शन) ६०%' वाचून अनेक घरांत धास्ती बसते. हृदय साठ टक्केच चालतंय, असा अर्थ लावला जातो. तसं मुळीच नाही! डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर फेकलं जातं, ते हा आकडा सांगतो. निरोगी हृदयही कप्पा पूर्ण रिकामा करत नाही. साधारण ५५ ते ७० म्हणजे उत्तमच. शिवाय मोजमापात चार-पाच टक्क्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे ६२ चे ५८ झाले तर लगेच घाबरू नका.

'ट्रिव्हियल टीआर' म्हणजे झडपेतून होणारी किंचित गळती. ती कितीतरी धडधाकट माणसांतही दिसते.

'आरडब्ल्यूएमए', म्हणजे हृदयाच्या भिंतीच्या एखाद्या भागाची बिघडलेली हालचाल, याबद्दल मात्र नीट विचारून घ्या. तिथे 'नो' लिहिलेलं असेल तर भिंतींची हालचाल सारखी आहे. पण इको नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाहीत असं नव्हे, कारण हृदयाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे त्यात थेट दिसत नाहीत. त्यासाठी अँजिओग्राफी लागते.

इकोत किरणोत्सर्ग नसतो, फक्त ध्वनिलहरी. १९५३ मध्ये स्वीडनमध्ये हृदयरोगतज्ज्ञ एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झ यांनी ही वाट उघडली. जुने रिपोर्ट जपा, पुढच्या वेळी डॉक्टरांना सोबत दाखवा.