जुना लॉक, नवा कॉम्प्युटर

मी पडलो कॉन्व्हेंटचा, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका आधीच पोटात घाला. पण विषय आपल्या कामाचा आहे. घडला पवनीला, आमच्या काकाजींच्या डीटीपीच्या दुकानात.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तर काकाजींनी नवीन कॉम्प्युटर आणून ठेवलेला. "बाबू, तू इंजिनिअर ना? मग जुन्यातलं यात टाकून दे. लग्नसराई तोंडावर आहे." जुन्यावर विंडोज एक्सपी, रीतसर विकत घेतलेलं मराठी टायपिंगचं पॅकेज आणि वीसेक वर्षांच्या पत्रिका. मी म्हटलं, दहा मिनिटांचं काम! प्रोग्रामचं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, नवीनवर टाकलं, डबल क्लिक केलं. उत्तर आलं, लॉक सापडत नाही.

लॉक म्हणजे मागच्या 25 पिनांच्या प्रिंटर पोर्टला लावलेला आगपेटीएवढा डबा. प्रोग्राम सुरू होताना त्याला एक आकडा पाठवतो, डबा त्यावर गणित करून उत्तर देतो. उत्तर चुकलं की प्रोग्राम बंद. म्हणजे आपण कॉपी करतो तो नुसता प्रोग्राम, परवानगी त्या डब्यात असते. काही कंपन्या डबा देत नाहीत, हार्डडिस्क किंवा नेटवर्क कार्डच्या नंबराशी परवानगी बांधतात. अशा वेळी जुन्या मशीनवर लायसन्स आधी रद्द करावं लागतं, मगच नवीनवर चालू होतं. जुनं मशीन भंगारात देऊन बसलात तर झालीच पंचाईत.

आता नवीन कॉम्प्युटरला तो पोर्टच नाही. नागपूरहून यूएसबीची प्रिंटर केबल आणली, पैसे वाया गेले. ती केबल फक्त प्रिंटरशी बोलायला शिकलेली असते, आणि जुना लॉक पोर्टच्या पत्त्यावर थेट हाक मारतो. खरा पोर्ट देणारं कार्ड आत बसवता येतं, पण मग ड्रायव्हर अडतो. विंडोज 11 फक्त 64 बिटमध्ये येतं, त्यात 32 बिटचा ड्रायव्हर चालत नाही. व्हर्च्युअल मशीनमध्ये एक्सपी टाकून यूएसबीचा लॉक बहुधा चालतो. आमचा पडला जुना!

हॉस्टेलवर लगेच सल्ला मिळाला, "क्रॅक टाक ना बे!" फुकटचा व्हायरस नको म्हणून नाही म्हटलं. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 प्रमाणे रीतसर घेतलेल्या प्रोग्रामची बॅकअप कॉपी ठेवायला मुभा आहे. पण हक्कभंग करायच्या हेतूने लॉक तोडणं हा 2012 च्या दुरुस्तीपासून गुन्हा आहे. काकाजींनी पेटी उपसून जुनं बिल काढलं, आम्ही कंपनीला पत्र लिहिलं की जुना लॉक जमा करतो, यूएसबीचा द्या.

पण माझी झोप उडवली ती वेगळ्याच गोष्टीने. एक पत्रिका नवीनवर उघडली तर वधूवरांच्या नावाच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा! युनिकोडमध्ये देवनागरी 1991 पासून आहे, पण ही पॅकेजेस इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी तुकडे बसवायची, आणि प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. फॉन्ट नाही तर मजकूर नाही. म्हणजे लॉक बिघडला असता तर वीस वर्षांचं काम हातात असूनही वाचता आलं नसतं.

मग सुट्टीभर जुन्यावरच बसून एकेक फाइल पीडीएफ केली, आणि मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला. कन्व्हर्टर चुका करतो. "किल्ला" मधली पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये क च्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. जोडाक्षरंही तुकड्यातुकड्यांची. त्यामुळे आडनावं काकूंनी एकेक वाचून तपासली. माझ्या मराठीवर त्यांचा भरवसा नव्हता, बरोबरच आहे.

एक्सपीचा सपोर्ट 2014 मध्येच संपला, म्हणून जुन्या मशीनची इंटरनेटची वायर काढून टाकली. कंपनीचं उत्तर यायचं आहे. तोवर पत्रिका त्याच्यावरच निघताहेत, आणि लॉकवर काकाजींनी पट्टी चिकटवली आहे, "हात लावू नये".