कोरी पाटी आणि लाल खोकं

लहान मुलाचं मन म्हणजे कोरी पाटी, असं आपण सहज म्हणून जातो. मला या उपमेबद्दल शंका घ्यायला लावली ती कोंबडीच्या पिल्लांनी.

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं पिल्लू समोर हलणाऱ्या वस्तूमागे धावतं, हे डग्लस स्पाल्डिंग यांनी १८७३ मध्येच नोंदवलं होतं. पुढे कोनराड लोरेन्झ यांनी हंसांच्या पिल्लांवरील अभ्यासातून हा ‘ठसा’ जगापुढे आणला. केंब्रिजमध्ये गॅब्रिएल हॉर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिल्लांना फिरणारं लाल खोकं दाखवलं. पिल्लांनी त्यालाच आई मानलं. मग पाटी कोरीच म्हणायची? नाही. कोणतीही वस्तू न दाखवता अंधारात वाढवलेली पिल्लंही, थोडी हालचाल करू दिल्यावर, खोक्यापेक्षा पेंढा भरलेल्या रानकोंबडीकडे अधिक वळू लागली. त्यांना ओढ होती ती डोकं-मान या आकाराची. तो आकार दुसऱ्या प्राण्याचा असला तरी चाले. मेंदूच्या एका विशिष्ट भागाला इजा केल्यावर खोक्याचा ठसा उमटेना, पण ही ओढ टिकली. म्हणजे उपजत कल आणि शिकणं या दोन वेगळ्या यंत्रणा.

यातली शिकणारी यंत्रणा रँडल ओ’रायली आणि मार्क जॉन्सन यांनी १९९४ मध्ये संगणकात उभारली. तिचा नियम साधा : जे घटक एकत्र चेततात, त्यांची जोडणी घट्ट होते. वस्तू सरकते, पण आधी चेतलेले घटक लगेच विझत नाहीत. त्यामुळे डावीकडचं आणि उजवीकडचं खोकं एकच, हे जाळं आपोआप शिकतं. पहिली वस्तू थोडाच वेळ दाखवली, तर दुसरी तिची जागा घेऊ शकते. पुरेसा वेळ दाखवली, तर घटक तिच्यातच गुंततात आणि तेवढाच वेळ दाखवलेली दुसरी वस्तू त्यांना वळवू शकत नाही.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शिकण्याचा ‘नाजूक काळ’ संपवायला शरीरात वेगळं घड्याळ लागतंच असं नाही. शिकणंच आपल्यामागे दार लावून घेतं. संगणकातलं जाळं म्हणजे पिल्लू नव्हे आणि पिल्लू म्हणजे मूल नव्हे. तरी मानवी अर्भकंही जन्मानंतर लगेच चेहऱ्यासारख्या आकाराकडे नजर वळवतात. तेव्हा पाटी कोरी नसते. कुठे पाहायचं याची एक पुसट रेघ तिच्यावर आधीच ओढलेली असते. तिथे काय दिसेल, हे मात्र समोर असणाऱ्यांच्या हाती असतं.