आधी जमीन, मग भिंती: उपनगरातील घराची पारख

मुंबई आणि पुण्याच्या कडेने वाढत गेलेल्या उपनगरांत घर घेऊ पाहणारे कुटुंब बहुधा सदनिकेच्या आतून पाहणीला सुरुवात करते. स्वयंपाकघराचा ओटा, खिडकीतून येणारा वारा, मुलांसाठी निघू शकणारी वेगळी खोली यांवर मन बसते, मग किंमत आणि कर्जाचा हप्ता यांचे गणित मांडले जाते आणि जमिनीची कागदपत्रे सर्वांत शेवटी, तीही वकिलाच्या हवाली करून, पाहिली जातात. हा क्रम उलटा करण्याची नितांत गरज आहे, कारण घराच्या आतील बहुतेक उणिवा पैसे खर्चून दूर करता येतात. पण जमिनीचा दर्जा, जवळून वाहणारी नदी, विकास आराखड्यातील आरक्षण आणि वस्तीला मिळणारे पाणी यांपैकी एकही गोष्ट घरमालकाच्या हाती नसते.

अलीकडच्या तीन घटनांवरून हे स्पष्ट होते. पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत उभे राहिलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाने पाडण्यास सांगितले, सर्वोच्च न्यायालयानेही तो आदेश कायम ठेवला आणि मे २०२५ मध्ये महापालिकेने ते जमीनदोस्त केले. नालासोपाऱ्यात सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी आरक्षित असलेल्या जागेवरील ४१ अनधिकृत इमारतींवर उच्च न्यायालयाच्या आदेशाने कारवाई झाली आणि हजारो कुटुंबांना घराबाहेर पडावे लागले. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या परवानगीची बनावट कागदपत्रे जोडून महारेराचा नोंदणी क्रमांकच मिळवण्यात आल्याचे उघडकीस आले. या घरांत राहणारी माणसे बेपर्वा नव्हती. अनेकांनी कर्ज काढून, आयुष्यभराची पुंजी ओतून घर घेतले होते, आणि एखादा कागद हाती असणे म्हणजे तो कागद खरा व पुरेसा असणे, हा त्यांचा समज त्यांना फार महागात पडला.

त्यामुळे पहिली पाहणी पाण्याच्या वाटेची करणे इष्ट ठरते. महाराष्ट्रात नदीकाठी दोन पूररेषा आखल्या जातात: सरासरी २५ वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराचे पाणी जेथवर पोहोचते ती निळी रेषा, आणि १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मर्यादा दाखवणारी लाल रेषा. निळ्या रेषेच्या आतील पट्टा निषिद्ध मानला जातो, तर दोन्ही रेषांमधील पट्ट्यात बांधकामावर निर्बंध असतात. ‘१०० वर्षांतून एकदा’ याचा अर्थ पुढची ९९ वर्षे निश्चिंती असा मुळीच नाही. तेवढा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता शंभरात एक, एवढेच त्यातून कळते. शिवाय पूर केवळ मोठ्या नदीलाच येतो असेही नाही. पुण्यात सप्टेंबर २०१९ मध्ये ज्या आंबिल ओढ्याने हाहाकार माजवला, तो एरवी अनेकांच्या लेखी सांडपाण्याचा नाला होता. त्याच वर्षी जुलैमध्ये उल्हास नदीच्या पुरामुळे बदलापूर आणि वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली व प्रवाशांना बचाव पथकांनी बाहेर काढले. अशा पट्ट्यात घर पाहताना पूररेषेचा नकाशा तर पाहावाच, पण आसपासच्या जुन्या कुंपणभिंतींवर पाण्याची मळकट रेघ दिसते का, तळमजल्यावरील दुकानांचे उंबरे कोणी मागाहून उंच केले आहेत का आणि वीजमीटरची पेटी किती उंचीवर बसवली आहे, हेही निरखावे. नकाशा जे सांगत नाही, ते या खुणा सांगून जातात.

जमिनीचा दर्जा कळण्यासाठी सातबारा उतारा वाचता यावा लागतो आणि तो वाचणे समजले जाते तितके अवघड नाही. गाव नमुना सातमध्ये मालकी आणि हक्क यांची नोंद असते, तर गाव नमुना बारामध्ये पिकांची. जेथे नगर भूमापन झाले आहे तेथे या उताऱ्याऐवजी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, असते. खरेदीदाराची नजर ज्या ठिकाणी हमखास थांबली पाहिजे ती दोन ठिकाणे म्हणजे भूधारणा पद्धती आणि ‘इतर हक्क’ हा रकाना. भोगवटादार वर्ग १ असे लिहिलेली जमीन सामान्यतः मालकाला आपल्या अखत्यारीत विकता येते. वर्ग २ असल्यास सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना हस्तांतर करता येत नाही, आणि इनाम किंवा वतनाच्या अनेक जमिनी याच वर्गात मोडतात. इतर हक्कांत कुळाचे नाव, बँकेचा बोजा, न्यायालयीन दाव्याची नोंद किंवा वहिवाटीचा हक्क आढळू शकतो. उताऱ्यावरील प्रत्येक नाव कसे आले हे फेरफार क्रमांकांवरून कळते, म्हणून मागील ३० वर्षांचे फेरफार आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील दस्तांच्या नोंदी तपासून वकिलाने दिलेला शोध अहवाल ही चैन नसून किमान गरज आहे.

गुंठेवारीचा प्रश्न येथे वेगळा सांगावा लागतो, कारण स्वतंत्र घराची हौस असलेली मध्यमवर्गीय कुटुंबे त्यातच अधिक अडकतात. एक गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, अर्थात १०८९ चौरस फूट. शेतजमिनीचे असे एकदोन गुंठ्यांचे तुकडे मंजूर रेखांकनाविना विकले जातात आणि खरेदीदाराचे नाव अनेकदा सामाईक सातबाऱ्यावर इतर अनेकांच्या जोडीने चढते, तेव्हा कागदावर त्याची मालकी असली तरी त्याच्या हद्दी कोठेच निश्चित झालेल्या नसतात. २००१ च्या कायद्याने अशी काही बांधकामे नियमित करण्याची वाट ठेवली असली, तरी आरक्षित किंवा पूरबाधित जागेला तिचा आधार मिळेल असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. विक्रेता ‘पुढे सगळे नियमित होणारच आहे’ असे सांगत असेल, तर जे पुढे होणार आहे त्याची किंमत आज का मोजावी, हा प्रश्न खरेदीदाराने निःसंकोच विचारावा.

सातबारा निर्वेध असला तरी त्या जागेवर काय बांधता येते हे विकास आराखडा ठरवतो. संबंधित महापालिका किंवा नियोजन प्राधिकरणाकडून झोन दाखला आणि आराखड्याचा त्या भागाचा नकाशा अर्ज करून मिळवता येतो. निवासी विभाग, हरित पट्टा, शाळा वा उद्यानाचे आरक्षण आणि नियोजित रस्ता हे सारे त्यावर दिसते. इमारतीमागे आज जी मोकळी हिरवी जागा दिसते आणि जिच्यासाठी विक्रेता जादा दर लावतो, तेथून उद्या रुंद रस्ता जाणार असू शकतो.

रेरा कायद्याने खरेदीदाराला मोठे बळ दिले आहे, यात शंका नाही. २०१६ च्या या कायद्यानुसार नोंदणीकृत करार केल्याशिवाय विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, ताब्यानंतर ५ वर्षांत आढळलेला बांधकामातील मूलभूत दोष त्याला विनामोबदला दुरुस्त करून द्यावा लागतो आणि विक्री चटई क्षेत्रावर, म्हणजे कार्पेट एरियावर, करावी लागते. चटई क्षेत्रात घराच्या आतील भिंतींची जाडी धरली जाते. बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरली जात नाही. तथापि नोंदणी क्रमांक हा प्रकल्पाच्या खरेपणाचा दाखला नव्हे, हे कल्याण-डोंबिवलीने दाखवून दिले आहे. प्रारंभ प्रमाणपत्र आणि भोगवटा प्रमाणपत्र यांच्या प्रती विकासकाकडून घेऊन थांबू नये, तर त्यांचे जावक क्रमांक व तारखा महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून घ्याव्यात. भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे इमारत मंजूर नकाशाप्रमाणे पूर्ण झाली असून राहण्यायोग्य आहे, असा अधिकृत निर्वाळा होय.

यानंतर वस्तीकडे वळावे. उपनगरात सर्वांत कळीचा मुद्दा पाण्याचा असतो. ‘महापालिकेचे पाणी आहे’ या उत्तरावर समाधान न मानता, शेजारच्या सोसायटीच्या सचिवाकडे एप्रिल-मे महिन्यांतील टँकरच्या खर्चाची चौकशी करावी, कारण तो आकडा मासिक देखभाल शुल्काच्या हिशेबात लपत नाही. पाण्याची शुद्धताही तितकीच महत्त्वाची. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी या परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेल्या गावांतील पाणीपुरवठ्याची अवस्था सर्वांसमोर आली. गाव महापालिकेत आले म्हणजे जलशुद्धीकरण केंद्राचे पाणीही आले, असे होत नाही.

परिसराची पाहणी रविवारी दुपारी करणे हे त्याची निम्मी माहिती न घेण्यासारखे आहे. कामाच्या दिवशी सकाळी घरापासून स्थानकापर्यंत किंवा कार्यालयापर्यंत प्रत्यक्ष जाऊन पाहावे, भर पावसात एकदा आणि रात्री साडेनऊनंतर एकदा पायी फिरावे. पदपथ, दिवे, रिक्षा, जवळचा दवाखाना आणि मुलांना रस्ता ओलांडून जावी लागणारी शाळा यांचे खरे रूप तेव्हाच दिसते. घराचा निर्णय अनेकदा कमावत्या सदस्याच्या प्रवासावर ठरतो, परंतु वस्तीत दिवसाचे सर्वाधिक तास काढणारी माणसे म्हणजे वृद्ध, मुले आणि घर सांभाळणाऱ्या स्त्रिया असतात, आणि त्यांचे मत निर्णायक मानले जाणे न्याय्य आहे.

मग घराच्या भिंती. पुणे परिसरात काळ्या मातीवर बांधलेल्या बंगल्यांत आणि रो हाऊसमध्ये तडे जाण्याचे कारण बहुधा पायात असते: ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि पाया मुरूम किंवा खडकापर्यंत नेलेला नसल्यास घर असमान खचते. गिलाव्यावरील केसासारख्या रेषांनी घाबरण्याचे कारण नाही, पण खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा निघालेला किंवा विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखा चढत गेलेला तडा अभियंत्याला दाखवलाच पाहिजे. मुंबईच्या दमट पट्ट्यात खरी परीक्षा ओलीची असते. नवा रंग ताजी ओल झाकतो, म्हणून वरच्या मजल्यावरील न्हाणीघराच्या खालचा स्लॅब, पावसाचा मारा झेलणाऱ्या भिंतीची आतली बाजू आणि ओट्याखालचा कोपरा येथे हात फिरवावा. भिंतीला लोणा लागून पांढरी भुकटी सुटत असेल, रंगाचे पापुद्रे निघत असतील किंवा टकटक केल्यावर गिलावा पोकळ वाजत असेल, तर ओल जुनी आहे असे समजावे. स्लॅबचे काँक्रीट सुटून गंजलेली सळई दिसत असल्यास तो दोष रंगाने किंवा गिलाव्याने मिटणारा नसतो.

जुनी सदनिका घेताना सोसायटीच्या दप्तराकडेही लक्ष द्यावे. जमीन सोसायटीच्या नावे झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण पूर्ण झाले आहे का, हे पाहावे, कारण ते न झाल्यास पुनर्विकासाच्या वेळी जमिनीचा मूळ मालक किंवा विकासक अडवून धरू शकतो. विकासक टाळाटाळ करत असेल तर मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग सोसायटीला खुला आहे. १५ ते ३० वर्षे जुन्या इमारतीची संरचनात्मक तपासणी दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीची दर ३ वर्षांनी करण्याचे उपविधीत सांगितले आहे. तो अहवाल सचिवाकडे मागावा, आणि तो दाखवण्यास नकार मिळाला तर त्याचीही नोंद घ्यावी.

हे सारे होईपर्यंत बयाणा देऊ नये. ‘दुसरे गिऱ्हाईक तयार आहे’ असा तगादा उपनगरांतील प्रत्येक व्यवहारात होतो, आणि त्या दडपणाखाली दिलेली टोकन रक्कम परत मिळवताना खरेदीदाराची दमछाक होते. शोध अहवाल हाती आल्यावर वकिलाकरवी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी, हरकतींसाठी ठेवलेली मुदत, जी सामान्यतः १४ किंवा १५ दिवसांची असते, पूर्ण होऊ द्यावी आणि कोणाची हरकत न आल्यास, शक्यतो धनादेशाने किंवा बँकेमार्फत, पहिली रक्कम देऊन तिची पावती घ्यावी. बँकेने कर्ज मंजूर केले यावरून मालकी निर्वेध आहे असा निष्कर्ष काढू नये. बँकेचा वकील बँकेच्या रकमेची सुरक्षितता पाहतो, म्हणून खरेदीदाराने स्वतःचा वकील वेगळा नेमावा.