बुरखा आणि पांघरूण

आठवीच्या वर्गात वाक्प्रचार शिकवत होते. फळ्यावर लिहिले, 'बुरखा फाडणे : ढोंग उघडे पाडणे.' मुलांनी उतरवून घेतले. तास संपल्यावर एक मुलगी मागे थांबली. शाळा सुटली की ती बुरखा घालून घरी जाते. हळूच म्हणाली, "मॅडम, म्हणजे बुरखा खोटेपणाचाच असतो का?"

इतकी वर्षे हा वाक्प्रचार शिकवते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. म्हटले, "उद्या सांगते."

रात्री शब्दकोश घेऊन बसले. मराठीतच दुसरा वाक्प्रचार आहे, 'पांघरूण घालणे', म्हणजे एखाद्याची चूक झाकणे. उर्दूत याला ऐबपोशी म्हणतात. त्यातला 'पोश' आणि आपला 'पोशाख' एकाच फारसी घराण्यातले. मूळ अर्थ झाकणे. लबाडी झाकली तर तो गुन्हा, कुणाची अब्रू झाकली तर ती माणुसकी. कापड तेच, हेतू वेगळा.

झग्यांचे शब्द तर देशोदेशी फिरलेले. उत्तर आफ्रिकेतल्या टोपीच्या झग्याला अरबीत 'बुरनुस' म्हणतात. स्पेनमध्ये त्याचा 'अल्बोर्नोझ' झाला आणि आज तिथे अंघोळीनंतर घालायच्या झग्याला ते नाव आहे. इंग्रजी 'एस्केप'च्या मुळाशी लॅटिन 'कप्पा', म्हणजे झगा आहे. पकडणाऱ्याच्या हाती झगा सोडून निसटणे, तो एस्केप! 'चॅपल' हा शब्दही झग्यावरून आला. संत मार्टिन यांनी आपला झगा कापून अर्धा एका भिकाऱ्याला दिला, असे सांगतात. तो झगा जिथे जपला, त्या जागेला हे नाव पडले.

आणि आपल्या घरातले? पहिल्या वह्यनंतर प्रेषित मुहम्मद (स.) थरथरत घरी आले आणि त्यांनी पांघरूण मागितले. ह. खदीजा (र.) यांनी ते घातले, धीर दिला. कुरआनच्या ७३व्या आणि ७४व्या सूरहची नावे, मुज़्ज़म्मिल आणि मुद्दस्सिर, पांघरूण घेतलेल्या माणसाचीच आहेत.

दुसऱ्या दिवशी हे सगळे वर्गात सांगितले. ती मुलगी म्हणाली, "मग परीक्षेत काय लिहू?"

"पुस्तकातलाच अर्थ लिही. तो वाक्प्रचार ढोंग्याबद्दल आहे, तुझ्याबद्दल नाही. 'मुखवटा गळून पडणे' म्हणतो, तेव्हा नाटकातल्या मुखवट्याला आपण कुठे दोष देतो?"

मग सगळ्यांना गृहपाठ दिला : घरातल्या पांघरायच्या वस्तूंची नावे विचारून या. वह्यांमध्ये इरले आले, शाल आली, गोधडी आली, चादर आली. एका मुलाने आजोबांची घोंगडीच आणली आणि पावसात डोक्यावरून तिची खोळ कशी करतात, ते करून दाखवले. वर्ग हसला, टाळ्या पडल्या.

त्या मुलीच्या वहीत शेवटची ओळ होती : 'बुरखा. अम्मीने शिवलेला.'