सातासमुद्रापारच्या आधीचे चारशे किलोमीटर

मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर. विमान ते नऊ-दहा तासांत कापतं. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर, आणि रात्रीच्या गाडीने त्यालाही सात-आठ तास लागतातच. लेकीच्या बाळंतपणासाठी न्यू जर्सीला निघालेल्या खान्देशी आईवडिलांचा अर्धा शीण मुंबईचा विमानतळ दिसण्याआधीच झालेला असतो.

जळगावला विमानतळ नाही, असं नाही. २०१७ च्या डिसेंबरात ‘उडान’ योजनेतून मुंबईचं छोटं विमान सुरू झालं आणि लवकरच बंदही पडलं. २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली, तीही गेली. २०२४ मध्ये ‘फ्लाय ९१’ने गोवा, हैदराबाद आणि पुणे जोडलं, मुंबईची सेवाही त्याच वर्षी पुन्हा सुरू झाली. इथली धावपट्टी साधारण १,७०० मीटरची. सत्तरेक आसनांच्या एटीआरला ती पुरते. अमेरिकेपर्यंतचं इंधन पोटात घेऊन उठणाऱ्या विमानाला मात्र तीन किलोमीटरच्या आसपास धावपट्टी लागते.

मग मुंबईपर्यंत तरी विमानाने का जाऊ नये? उत्तर बॅगेत आहे. अमेरिकेच्या तिकिटावर बहुधा माणशी २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात; देशातल्या छोट्या विमानात साधारण १५ किलो. घरी हातकाट्याला लटकवून, बिबड्यांचा डबा काढून, कळण्याच्या पिठाची पिशवी पुन्हा कोंबून जमवलेले ते ४६ किलो जळगावच्या काउंटरवर जादा ठरतात. शिवाय दोन तिकिटं वेगळी काढलेली असली, की पहिलं विमान रखडून दुसरं चुकलं तरी दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. एवढा जुगार परदेशच्या तिकिटावर कोण खेळणार? म्हणून आदल्या रात्रीची रेल्वे, नाहीतर सरळ गाडी.

धुळ्याची तऱ्हा आणखी निराळी. तिथे गोंदूरच्या धावपट्टीवर विमानं उडतात, पण ती शिकाऊ वैमानिकांची. प्रशिक्षण देतो तो बॉम्बे फ्लाइंग क्लब १९२८ चा. जे. आर. डी. टाटांना १९२९ मध्ये देशातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, तो याच क्लबमध्ये शिकून. त्यांच्या एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला निघालं, तेव्हा प्रवाशांत तेही होते. आज मुंबई-न्यूयॉर्क थेट जाता येतं. जाताना समोरून वारा असल्याने पंधरा-सोळा तास लागतात, येताना तोच वारा पाठीशी असल्याने वेळ वाचतो.

धुळेकर प्रवासी मात्र मुंबईला नाशिकमार्गे रस्त्यानेच जातो, सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. जून २०२५ पासून इगतपुरीपुढे समृद्धी महामार्ग खुला झाल्याने कसारा घाटातली कोंडी तरी टाळता येते.